शून्य उत्सर्जन आणि शिल्लक ऋण

एखादे औद्योगिक राष्ट्र कार्बन तटस्थतेच्या किती जवळ आले, हा प्रश्न सामान्यतः अभियांत्रिकीचा आणि आकडेवारीचा मानला जातो; किती टन वायू हवेत गेला, किती टन जंगलांनी किंवा जमिनीने शोषला आणि या दोहोंतील अंतर दरवर्षी किती घटले, एवढे मोजले की मूल्यमापन पूर्ण झाले, असे गृहीत धरले जाते. परंतु ज्या कर्माची फळे कर्त्याच्या वाट्याला न येता अजून न जन्मलेल्या किंवा दूरदेशी राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला येतात, त्या कर्माचा हिशेब केवळ मोजमापाने पुरा होत नाही, कारण कोणी कोणाचे काय देणे लागतो हे ठरल्याखेरीज काय मोजायचे हेच ठरत नाही. हा विचार तपासण्यासाठी जर्मनीसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. तेथे उत्सर्जनाच्या प्रश्नात संसद आणि उद्योग जितके गुंतले आहेत तितकेच घटना न्यायालय, चर्च आणि तत्त्वज्ञही गुंतलेले आहेत, आणि कोळसा, पोलाद व रसायने यांवर उभारलेल्या या देशाला उत्तरदायित्व या विषयावर विसाव्या शतकात इतर कोणत्याही देशापेक्षा अधिक खोलवर विचार करावा लागला आहे.

प्रथम ध्येयाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. जर्मनीचा हवामान संरक्षण कायदा २०१९ मध्ये संमत झाला आणि २०२१ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार १९९० च्या तुलनेत हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०३० पर्यंत किमान ६५ टक्क्यांनी आणि २०४० पर्यंत किमान ८८ टक्क्यांनी घटवायचे असून २०४५ पर्यंत तटस्थता गाठायची आहे. येथे तटस्थता याचा अर्थ काहीच उत्सर्जित होणार नाही असा नाही. सिमेंटच्या भट्ट्या, शेती आणि पशुपालन यांतून काही वायू निघतच राहणार. जेवढे निघेल तेवढेच जंगले, माती किंवा यंत्रणा यांनी हवेतून परत घेतले, तर बेरीज शून्य होते. जर्मन कायद्यात केवळ कार्बन डायऑक्साइड नव्हे तर मिथेन, नायट्रस ऑक्साइड आदी वायूही धरलेले आहेत आणि त्यांची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून घेतली जाते; त्या एककाला ‘कार्बन डायऑक्साइड-समतुल्य’ म्हणतात. मात्र ही सारी बेरीज-वजाबाकी एका वर्षाच्या आवक-जावकीची आहे. हवेत एकदा गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके आणि काही भाग हजारो वर्षे तेथेच राहतो. त्यामुळे वार्षिक भर शून्यावर आली तरी आधीचा साठा तसाच उरतो आणि त्याची उष्णताही उरते. तटस्थतेच्या कल्पनेतील नैतिक अडचण नेमकी येथे आहे, आणि जर्मनीच्या प्रगतीचे मूल्यमापन करताना ती नजरेआड होऊ देता कामा नये, अशी या निबंधाची भूमिका आहे: शून्य ही एका प्रवाहाची अवस्था आहे, त्यावरून निर्दोषता सिद्ध होत नाही.

आकड्यांचा भाग थोडक्यात असा आहे. १९९० मध्ये आजच्या जर्मनीच्या भूभागातून सुमारे १२५ कोटी टन समतुल्य वायू हवेत गेला. २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे ६५ कोटी टन, म्हणजे जवळजवळ ४८ टक्क्यांनी कमी होते. २००० साली विजेच्या एकूण वापरात सूर्य, वारा, पाणी आदी नवीकरणीय स्रोतांचा वाटा सुमारे ६ टक्के होता, तो आता निम्म्याहून अधिक झाला आहे. ही कामगिरी लहान नाही. तरीही ३४ वर्षांत दरवर्षी सरासरी पावणेदोन कोटी टनांची घट झाली असताना २०३० चे लक्ष्य गाठण्यासाठी २०२४ नंतरच्या सहा वर्षांत दरवर्षी सुमारे साडेतीन कोटी टनांची, म्हणजे दुप्पट वेगाची घट लागते. वाहतुकीचे उत्सर्जन तर १९९० च्या पातळीपेक्षा फारसे खाली आलेलेच नाही, आणि घरे तापवण्याच्या बाबतीतही वेग अपुरा आहे.

या घटीचे श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न आकड्यांत दिसत नाही. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील मोठी घट पूर्व जर्मनीतील जुने, तपकिरी कोळशावर चालणारे उद्योग कोसळल्यामुळे झाली. ती हवामानाच्या चिंतेतून आली नव्हती आणि तिची किंमत लक्षावधी कामगारांनी बेकारीच्या रूपाने मोजली. युक्रेन युद्धानंतर नैसर्गिक वायू महागला आणि रसायन, काच, कागद, पोलाद यांसारख्या ऊर्जाखाऊ उद्योगांनी उत्पादन घटवले. २०२३ मधील लक्षणीय घटीत त्याचाही वाटा होता. जर्मन तत्त्वज्ञ कांटने कर्तव्याशी केवळ जुळणारी कृती आणि कर्तव्यबुद्धीने केलेली कृती असा भेद केला होता आणि नैतिक मोल केवळ दुसरीला दिले होते. या कसोटीने पाहिले तर जर्मनीच्या खात्यातील कित्येक कोटी टनांची घट नैतिकदृष्ट्या निर्गुण ठरते. यावर असे म्हणता येईल की वातावरणाला हेतू कळत नाहीत, न सोडलेला टन कोणत्याही कारणाने न सोडलेला असो, त्याचा परिणाम एकच. हे परिणामापुरते खरे आहे. परंतु मूल्यमापनाचा उपयोग पुढचा भरवसा ठरवण्यासाठी असतो, आणि जी घट मंदीमुळे आली ती तेजी आल्यावर परत जाते, तर जी घट संकल्पातून आणि कायद्यातून आली ती टिकण्याची शक्यता असते. म्हणून हेतूचा विचार येथे भाबडा ठरत नाही. तो टिकाऊपणाचाच विचार आहे.

पिढ्यांच्या परस्परसंबंधाविषयी कांटचे दुसरे एक निरीक्षण या विषयात अधिक मोलाचे आहे. १७८४ मध्ये लिहिलेल्या वैश्विक इतिहासावरील छोट्या निबंधात त्याला एक गोष्ट कोड्यासारखी वाटली: आधीच्या पिढ्या जणू पुढच्यांसाठीच राबतात, आणि त्यांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या इमारतीत राहण्याचे भाग्य मात्र शेवटच्या पिढ्यांनाच लाभते. अठराव्या शतकातील प्रगतीवरील श्रद्धेचा हा सारांश आहे. अन्याय होत असेल तर तो पूर्वजांवर होतो, वंशजांवर नव्हे, असे त्यात गृहीत आहे. कोळशाच्या दोन शतकांनी हे गृहीतक उलटे केले. आता आधीच्या पिढ्या उपभोग घेतात आणि त्या उपभोगाचे ओझे पुढच्यांनी उचलायचे असते, आणि पुढच्यांना त्याविरुद्ध आज दाद मागता येत नाही.

जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने २४ मार्च २०२१ रोजी दिलेला आणि २९ एप्रिल रोजी जाहीर झालेला निर्णय या उलट्या झालेल्या संबंधाला कायद्याची भाषा देतो, म्हणून त्याकडे सविस्तर पाहिले पाहिजे. १९९४ मध्ये जर्मन राज्यघटनेत, जिला तेथे मूलभूत कायदा म्हणतात, अनुच्छेद २०-अ समाविष्ट झाला आणि भावी पिढ्यांविषयीच्या जबाबदारीतून जीवनाच्या नैसर्गिक आधारांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. २०१९ च्या कायद्यात २०३० पर्यंतचे वार्षिक आकडे होते, त्यानंतरचे नव्हते. काही तरुण जर्मन नागरिकांनी, तसेच बांगलादेश आणि नेपाळमधील काही रहिवाशांनी, या कायद्याविरुद्ध तक्रार केली. न्यायालयासमोर पर्यावरणविषयक तज्ज्ञ परिषदेचा असा अंदाज होता की तापमानवाढ १.७५ अंशांपर्यंत रोखण्यातील आपला वाटा उचलायचा तर २०२० पासून पुढे जर्मनीला एकूण सुमारे ६७० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडण्याचीच मुभा उरते. या अंदाजात अनिश्चितता आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण तेवढ्याने तो दुर्लक्षिता येत नाही असेही म्हटले. त्या वेळच्या कायद्यानुसार ही मुभा २०३० पर्यंत जवळजवळ संपणार होती; म्हणजे त्यानंतर जगणाऱ्यांना इतक्या झपाट्याने आणि इतक्या कठोरपणे कपात करावी लागली असती की त्यांच्या प्रवासावर, निवासावर, व्यवसायावर, थोडक्यात प्रत्येक स्वातंत्र्यावर, टाच आली असती.

न्यायालयाचे वेगळेपण यात आहे की त्याने प्रश्न निसर्गाच्या हानीच्या रूपात न मांडता स्वातंत्र्याच्या वाटपाच्या रूपात मांडला. आजचा कायदा आज कोणालाही काही मनाई करीत नाही, पण तो उद्याच्या मनाईची बीजे पेरतो, आणि हा परिणाम आजच मूलभूत हक्कांवरील आघातासारखा गणला पाहिजे, कारण उद्या तो परतवता येणार नाही. स्वातंत्र्याची हमी काळाच्या ओघात सर्वांना सारख्या प्रमाणात मिळाली पाहिजे, एका पिढीने आपल्या वाट्याहून अधिक उधळून दुसरीसाठी केवळ संयम उरवू नये, असे या निर्णयाचे सार आहे. जर्मनीचा जागतिक उत्सर्जनातील वाटा सुमारे दोन टक्केच आहे, या युक्तिवादाने जबाबदारी टाळता येत नाही हेही न्यायालयाने स्पष्ट केले. निर्णयानंतर काही महिन्यांतच कायदा बदलला, तटस्थतेचे वर्ष २०५० वरून २०४५ वर आले आणि २०३० चे लक्ष्य ५५ वरून ६५ टक्के झाले.

तरी या निर्णयालाही एक सीमा आहे. न्यायालयाने ज्यांच्या हक्कांचे रक्षण केले ते तरुण होते, पण जन्मलेले होते. अजून अस्तित्वातच नसलेल्या माणसांना वैयक्तिक मूलभूत हक्क असतात असे न्यायालयाने म्हटले नाही. त्यांच्याविषयी राज्याचे कर्तव्य आहे, परंतु ते कर्तव्य कोणा एकाच्या हक्काशी बांधलेले नाही. ही सावधगिरी तर्कशुद्ध आहे. इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक कूट मांडले होते, ज्याला अनन्यतेच्या अभावाची समस्या म्हणता येईल. एखाद्या समाजाने आज वेगळे ऊर्जाधोरण स्वीकारले तर माणसांचे व्यवसाय, स्थलांतरे, विवाह आणि विवाहांच्या वेळा बदलतात, आणि त्यामुळे दोनशे वर्षांनी जन्मणारी माणसेही वेगळीच असतात. मग उधळपट्टीच्या धोरणानंतर जन्मलेल्या माणसाला ‘तुझे नुकसान झाले’ असे कसे म्हणता येईल, जेव्हा दुसऱ्या धोरणात तो जन्मलाच नसता? हक्क आणि नुकसान यांच्या भाषेत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही, आणि पारफिट यांनाही ते आयुष्यभर सापडले नाही.

या कोड्यातून वाट काढण्यासाठी हान्स योनास यांच्याकडे वळावे लागते. योनास यांचा जन्म १९०३ मध्ये म्योंशनग्लाडबाख येथील ज्यू कुटुंबात झाला. मारबुर्ग येथे त्यांनी तत्त्वज्ञ हायडेगर आणि धर्मशास्त्रज्ञ बुल्टमान यांच्याकडे शिक्षण घेतले, १९३३ मध्ये देश सोडला आणि १९४५ मध्ये ते ब्रिटिश सैन्यातील ज्यू तुकडीचे सैनिक म्हणून परतले, तेव्हा आपल्या आईचा आउशविट्झ येथे बळी गेल्याचे त्यांना कळले. पुढे न्यूयॉर्कमध्ये अध्यापन करूनही १९७९ मधला उत्तरदायित्वाच्या तत्त्वावरील आपला प्रमुख ग्रंथ त्यांनी जर्मन भाषेतच लिहिला, आणि त्यानंतरच्या दशकातील जर्मन पर्यावरणविचारावर त्याचा खोल ठसा उमटला. त्यांचे म्हणणे असे की जुने सारे नीतिशास्त्र शेजाऱ्याचे आणि समकालीनांचे होते, कारण माणसाच्या कर्माची पोहोच तेवढीच होती. तंत्रज्ञानाने ही पोहोच पृथ्वीच्या दूरच्या भविष्यापर्यंत वाढवली, म्हणून कर्तव्याचीही कक्षा तेथपर्यंत वाढली पाहिजे. या कर्तव्याचे मूळ त्यांनी परस्परदेवाणघेवाणीत शोधले नाही. नवजात अर्भक काही देऊ शकत नाही, काही मागण्याची भाषाही त्याच्याकडे नसते, तरी त्याचे नुसते असणे मोठ्या माणसाला बांधून घेते. योनास यांच्या मते सर्व उत्तरदायित्वाचे मूळ रूप हेच आहे. त्यामुळे पारफिट यांच्या कोड्याची धार बोथट होते. भविष्यात अमुक माणूस असावा आणि त्याला अमुक मिळावे, हे कर्तव्याचे स्वरूप नसून, माणूसपणाला शोभेल असे जीवन पृथ्वीवर शक्य राहिले पाहिजे, हे ते स्वरूप आहे, आणि ते पाळण्यासाठी भावी माणसांची ओळख आधी पटण्याची गरज नाही.

या विचाराला योनास यांनी १९८४ मध्ये धर्मशास्त्राची जोड दिली. आउशविट्झनंतर ईश्वराची कल्पना कशी करायची, या विषयावरील व्याख्यानात त्यांनी ज्यू गूढवादातील एका जुन्या कल्पनेचा आधार घेतला: सृष्टीला जागा मिळावी म्हणून ईश्वराने स्वतःला आकुंचित केले. योनास यांनी ही कल्पना टोकाला नेली आणि म्हटले की सृष्टी निर्माण करताना ईश्वराने आपले सर्वशक्तिमानत्वच सोडून दिले. आता तो हस्तक्षेप करीत नाही, करू शकत नाही, आणि जगाचे तसेच स्वतः ईश्वराचेही भवितव्य माणसांच्या हाती आले आहे. ही कल्पना सनातनी ज्यू किंवा ख्रिस्ती श्रद्धेला मानवणारी नाही. परंतु हवामानाच्या संदर्भात तिचे गांभीर्य विलक्षण आहे, कारण शेवटी कोणीतरी सांभाळून घेईल, दैवी कृपेने किंवा उद्याच्या चमत्कारिक यंत्राने, या आशेचा आधारच ती काढून घेते.

योनास जेथे जन्मले त्या म्योंशनग्लाडबाख शहराच्या सीमेला लागूनच गार्त्सवायलर ही तपकिरी कोळशाची प्रचंड उघडी खाण पसरलेली आहे. तिच्या विस्तारासाठी इमेराथ हे गाव रिकामे करण्यात आले आणि जानेवारी २०१८ मध्ये तेथील दोन मनोऱ्यांचे संत लाम्बेर्टस यांचे चर्च पाडण्यात आले. पुढे २०२२ मध्ये सरकार आणि ही खाण चालवणारी आर.डब्ल्यू.ई. ऊर्जा कंपनी यांच्यात ठरलेल्या तडजोडीनुसार ऱ्हाइन प्रदेशातील कोळसा २०३८ ऐवजी २०३० मध्येच बंद होणार, जवळची पाच गावे वाचणार, पण ल्युत्सेराथ या वस्तीखालचा कोळसा मात्र काढला जाणार असे ठरले, आणि जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी ती वस्ती आंदोलकांकडून रिकामी करून घेतली. पूर्वेकडील लाउझिट्झ प्रदेशात तर गेल्या शतकभरात शंभराहून अधिक गावे खाणींनी गिळली, आणि त्यांतील अनेक सॉर्ब या लहान स्लाव भाषिक समाजाची होती. त्याच प्रदेशात आज कोळसा बंद होण्याची भीती सर्वाधिक आहे, कारण उपजीविका त्यावरच उभी आहे. खाणप्रदेशांच्या पुनर्रचनेसाठी राज्याने ४० अब्ज युरोपर्यंतचे साहाय्य कबूल केले, ते या न्याय्य भीतीची दखल म्हणूनच.

भविष्याविषयीचे कर्तव्य हे अमूर्त असते असे ज्यांना वाटते, त्यांनी ऱ्हूर खोऱ्याचे उदाहरण पाहावे. बोट्रॉप येथील प्रोस्पर-हानियल ही जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली आणि तिच्यातला शेवटचा कोळसा राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आला. परंतु काम संपले नाही. दीडशेहून अधिक वर्षांच्या खणण्यामुळे या दाट वस्तीच्या प्रदेशातील जमीन काही ठिकाणी २० मीटरहून अधिक खचलेली आहे. पंप बंद केले तर मोठा भूभाग पाण्याखाली जाईल आणि खोल खाणींतले खारट पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळेल. म्हणून पंप चालू ठेवावे लागतात आणि ते कधी थांबवता येतील अशी तारीखच नाही. या खर्चाला जर्मन हिशेबात अनंतकाळचा खर्च असेच म्हणतात, आणि तो भागवण्यासाठी २००७ मध्ये खास प्रतिष्ठान स्थापन झाले. अनंतकाळ ही धर्मशास्त्राची संज्ञा ताळेबंदात उतरलेली येथे दिसते. कोळशाची ऊब सहा-सात पिढ्यांनी घेतली. पंपांचे देणे ज्या पिढ्यांना द्यायचे आहे त्यांची संख्या सांगता येत नाही. खाणीतल्या पाण्यासाठी ही तरतूद झाली, त्याच कोळशाच्या धुरासाठी मात्र तशी कोणतीही तरतूद नाही, ही विसंगती जितकी विचारात घ्यावी तितकी अस्वस्थ करते.

अणुऊर्जेच्या प्रश्नातही हाच दीर्घ काळ समोर उभा राहतो. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर २०११ मध्ये जर्मन सरकारने नेमलेल्या नीतिआयोगात शास्त्रज्ञ आणि उद्योगपतींबरोबर कार्डिनल राइनहार्ड मार्क्स, एक प्रोटेस्टंट बिशप आणि समाजशास्त्रज्ञ उलरिख बेक हेही होते. आयोगाने दशकभरात अणुऊर्जा सोडण्याचा सल्ला दिला आणि १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. कार्बनच्या दृष्टीने पाहता आधी अणुभट्ट्या आणि मग कोळसा हा क्रम चुकीचा होता, असे म्हणणे प्राप्त आहे, कारण त्या काळात जळालेला कोळसा टाळता आला असता. परंतु अणुऊर्जेच्या विरोधकांचा हेतूही भावी पिढ्यांचाच होता: जर्मन कायद्यानुसार किरणोत्सर्गी कचऱ्याची जागा दहा लाख वर्षे सुरक्षित राहील अशी निवडावी लागते. एकाच कर्तव्याच्या नावाने दोन विरुद्ध निष्कर्ष निघू शकतात; योनास यांच्या तत्त्वातून धोरण आपोआप निघत नाही, ही त्याची मर्यादा येथे उघड होते.

आतापर्यंतचा विचार भविष्याचा झाला. भूतकाळाचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि जर्मनीच्या कामगिरीतील सर्वांत मोठी उणीवही तेथेच आहे. औद्योगिक क्रांतीपासून आजवर साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सर्वाधिक भर घालणाऱ्या मोजक्या देशांत जर्मनीची गणना होते. चालू वर्षाच्या उत्सर्जनात दोन टक्क्यांहून कमी असलेला वाटा या साठ्यात पाच टक्क्यांच्या आसपास जातो. परंतु ज्यांनी विल्हेल्म सम्राटाच्या काळात कोळसा जाळला ते आज नाहीत, आणि त्यांना परिणामांची कल्पनाही नव्हती. मग आजच्या माणसाने त्याचे काय देणे लागावे?

या प्रश्नासाठी कार्ल यास्पर्स यांच्या विवेचनाची मदत होते. पत्नी ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत अध्यापनातून दूर केलेल्या या तत्त्वज्ञाने युद्धानंतर लगेच हायडेलबर्ग येथे जर्मनांच्या अपराधावर व्याख्याने दिली आणि १९४६ मध्ये ती प्रसिद्ध केली. अपराधाचे त्यांनी चार प्रकार केले: कायद्याने शिक्षापात्र असलेला, राजकीय, नैतिक आणि सर्व माणसांमधील नात्यातून उद्भवणारा, ज्याचा निवाडा केवळ ईश्वरापाशी होतो. यांपैकी राजकीय दायित्व वैयक्तिक दोषावर अवलंबून नसते. एखाद्या राज्याचा नागरिक असणे, त्याची संपत्ती, संस्था आणि सुरक्षितता उपभोगणे, एवढ्यानेच त्या राज्याच्या कृत्यांची भरपाई करण्याचा भार अंगावर येतो. नाझी अत्याचार आणि कोळशाचा धूर यांची नैतिक तुलना करणे सर्वथा गैर आहे, आणि येथे ती अभिप्रेत नाही. घेण्यासारखा आहे तो भेद: दोषी नसतानाही दायित्व असू शकते. आजच्या जर्मन नागरिकाने पणजोबांच्या कारखान्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, पण त्या कारखान्यातून उभी राहिलेली समृद्धी वारशाने घेताना तिच्यासोबतचे देणे नाकारता येत नाही.

भारतीय परंपरेतील ऋणकल्पना या ठिकाणी सहज आठवते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो असे म्हटले आहे. पुढे ही कल्पना सर्व माणसांना लागू होत गेली. हे ऋण स्वतः केलेल्या कोणत्याही कृत्यातून आलेले नसते, ते जन्माबरोबरच येते, आणि पितरांचे ऋण पितरांना परत देता येत नसल्यामुळे संततीच्या रूपाने पुढे फेडायचे असते. योनास यांचे अर्भक आणि यास्पर्स यांचे निरपराध दायित्व या दोन्ही गोष्टी या एका कल्पनेत एकत्र येतात. मात्र तिची एक मर्यादा स्पष्टपणे मांडली पाहिजे: पितृऋण आपल्याच वंशात फिटते, आणि हवामानाचे ऋण बहुतांशी परक्यांचे आहे.

त्या परक्यांना जर्मन न्यायाने काय दिले, हे पाहण्यासारखे आहे. २०२१ च्या निर्णयात बांगलादेश आणि नेपाळमधील तक्रारदारांची तक्रार ऐकण्यास न्यायालय तयार झाले, पण त्यांना दिलासा मिळाला नाही, कारण जर्मनीत राहणाऱ्या तरुणांप्रमाणे त्यांच्यावर उद्याच्या जर्मन निर्बंधांचा भार पडणार नव्हता. तर्क निर्दोष आहे, पण त्याचा परिणाम असा की ज्यांचे स्वातंत्र्य कपातीमुळे आकसेल त्यांना संरक्षण मिळाले आणि ज्यांचे घर पाण्याखाली जाईल त्यांना मिळाले नाही. दुसऱ्या एका प्रकरणात पेरू देशातील हुआराज शहराजवळच्या एका शेतकऱ्याने २०१५ मध्ये आर.डब्ल्यू.ई. कंपनीवर एसेन येथे दावा लावला. हिमनदी वितळल्यामुळे वरचे सरोवर फुगले असून घराला पुराचा धोका आहे, तेव्हा जागतिक उत्सर्जनातील कंपनीच्या सुमारे अर्ध्या टक्क्याच्या वाट्याइतका प्रतिबंधाचा खर्च, म्हणजे सुमारे १७,००० युरो, तिने द्यावा अशी त्याची मागणी होती. २८ मे २०२५ रोजी हाम येथील उच्च न्यायालयाने त्या घराला असलेला धोका पुरेसा मोठा नाही म्हणून दावा फेटाळला. परंतु मोठ्या उत्सर्जकाला हजारो मैलांवरील हानीबद्दल नागरी कायद्यानुसार जबाबदार धरता येऊ शकते, हे तत्त्व मात्र मान्य केले. शेतकरी हरला, पण त्याच्या दाव्यामुळे यास्पर्स यांचे दायित्व प्रथमच धुराड्यापर्यंत पोहोचले.

‘आमचा वाटा दोनच टक्के’ हा युक्तिवाद जर्मन राजकारणात आजही ऐकू येतो, म्हणून त्याचे आणखी एक उत्तर देणे आवश्यक आहे. २००० सालच्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याने सौर आणि पवन विजेला वीस वर्षे निश्चित दर आणि जोडणीत अग्रक्रम दिला. त्या दराचा भार जर्मन ग्राहकांनी वीजबिलांतून वर्षानुवर्षे उचलला. त्यातून निर्माण झालेल्या मागणीने सौर पट्ट्यांचे उत्पादन वाढले, किमती जगभर घसरल्या, आणि आज मराठवाड्यातील किंवा केनियातील शेतकऱ्याला परवडणारा सौरपंप ज्या स्वस्ताईवर चालतो तिची मोठी किंमत त्या ग्राहकांनी आधीच चुकती केली आहे. जर्मनीची ही बहुधा सर्वांत मोठी सेवा कोणत्याही तटस्थतेच्या तक्त्यात दिसत नाही. त्याचप्रमाणे उलट बाजूही दिसत नाही: पुण्याच्या परिसरातील कारखान्यात घडून जर्मन वाहनात बसणाऱ्या पोलादी भागाचा धूर भारताच्या खात्यावर पडतो. राष्ट्राच्या सीमेत मोजलेले शून्य अशा दोन्ही अर्थांनी अपुरे आहे.

गेल्या काही वर्षांत हे शून्य डळमळीतही झाले आहे. २०२४ च्या दुरुस्तीने प्रत्येक क्षेत्राला असलेले स्वतंत्र वार्षिक बंधन सैल केले, आणि आता एका क्षेत्राची कसूर दुसऱ्याच्या घटीने झाकता येते. वाहतूक मंत्रालयाच्या वारंवारच्या अपयशानंतर हा बदल झाला हे लक्षात घेतले तर तो शिस्तीचा पराभव वाटतो. महामार्गांवर सर्वसाधारण वेगमर्यादा घालण्यासारखा जवळजवळ फुकटचा उपायही संसदेला जमलेला नाही, तर २०२२ मध्ये जर्मनीच्या इव्हँजेलिकल चर्चच्या महासभेने चर्चच्या कामाच्या प्रवासासाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. संख्येने क्षुल्लक असलेल्या या निर्णयात कांटच्या अर्थाने कर्तव्यबुद्धी आहे. दुसऱ्या बाजूला मार्च २०२५ मध्ये ५०० अब्ज युरोंच्या विशेष निधीच्या निमित्ताने २०४५ पर्यंतच्या तटस्थतेचा उल्लेख खुद्द राज्यघटनेत आला, ही गोष्टही लहान नाही.

सर्वांत चिंताजनक आहे ती जंगलांची स्थिती. कायद्याने २०४५ मध्ये जंगले आणि जमीन यांनी वर्षाला ४ कोटी टन शोषून घ्यावे असे ठरवले आहे, पण २०१८ पासूनचे दुष्काळ आणि साल पोखरणारे भुंगेरे यांमुळे हार्त्स पर्वतावरील स्प्रूसची राने वाळून गेली, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय वनगणनेने दाखवले की २०१७ पासून जर्मन जंगलांतला कार्बन वाढण्याऐवजी घटला आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी १९८५ मध्ये मांडले होते की बायबलमधील सृष्टीची परिपूर्ती माणसाच्या निर्मितीत नसून सातव्या दिवसाच्या विश्रांतीत आहे, ज्या दिवशी कोणतीही वस्तू कोणाच्या उपयोगासाठी नसते. या दृष्टीने पाहिले तर जंगलाला उत्सर्जनाची भरपाई करणारी यंत्रणा म्हणून धरणे हीच मूळ चूक आहे. जे अरण्य तापमानवाढीचा बळी आहे, त्याच्याकडूनच तापमानवाढीचे देणे फेडून घेण्याची योजना कायद्याने आखली, आणि अरण्याने ती पेलली नाही.

कायद्याच्या तिसऱ्या कलमात २०४५ च्या ध्येयानंतर आणखी एक वाक्य आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही: २०५० नंतर उत्सर्जन शून्याच्याही खाली न्यायचे आहे, म्हणजे जेवढे सोडले जाईल त्याहून अधिक हवेतून काढून घ्यायचे आहे. साठलेल्या ऋणाची कायद्याने दिलेली ही एकमेव कबुली आहे. परंतु किती टन काढायचे, कोणत्या वर्षापर्यंत, कोणाच्या खर्चाने आणि विल्हेल्म सम्राटाच्या काळापासूनच्या साठ्यातील किती भागाचे दायित्व जर्मनी स्वीकारणार, याविषयी तेथे एकही आकडा नाही. २०३० नंतरचे आकडे कायद्यात नाहीत, हाच दोष घटना न्यायालयाने २०२१ मध्ये दाखवून दिला होता आणि तो दूर करण्यास संसदेला भाग पाडले होते. २०५० नंतरच्या आकड्यांसाठी तशी तक्रार घेऊन न्यायालयात जाऊ शकतील अशा व्यक्ती आज जर्मनीच्या शाळांत शिकत आहेत, आणि हुआराज, ढाका किंवा काठमांडू येथे शिकणाऱ्यांना त्या न्यायालयाचे दार किती उघडे राहील, हे अद्याप ठरायचे आहे.